मिठाच्या पाण्याची सुई

आत्या,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात तुझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक माइकवरून, दुसरी चपलांच्या ढिगापाशी. दोन्ही खऱ्या नव्हत्या आणि त्या हॉलमध्ये हे फक्त मला माहीत होतं.

माइकवरून बोलले ते साळवे काका. विहाराच्या समितीचे अध्यक्ष असल्यामुळे कुणीही गेलं तरी सगळ्यांत लांब भाषण त्यांचंच असतं. "करोनाच्या काळात आपण सगळे दाराला कड्या लावून बसलो होतो, तेव्हा रजनीताईंनी सगळ्यांच्या आधी स्वतःच्या दंडात लस टोचून घेतली," ते म्हणाले. "त्यांना काही झालं नाही हे बघून आपण गेलो. आज या हॉलमध्ये जे बसलेत, त्यातले निम्मे ताईंमुळे बसलेत." बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. तू असतीस तर माझ्या कानात म्हणाली असतीस, "बसलेत ते जेवणासाठी."

चपलांपाशी दोघी जणी उभ्या होत्या. मी पाण्याचे ग्लास घेऊन तिकडून जात होते. "धडधाकट बाई. सकाळी भाजी घेऊन आली आणि गेली. ते तेव्हाचंच. हळूहळू आतून खातं म्हणे." "तिनं पहिल्यांदा घेतली ना, म्हणून पहिली तीच." मला बघून त्या थांबल्या. एकीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ग्लास घेतला.

पप्पांनी मलाही बोलायला उभं केलं होतं. मी माइक धरला, "आत्याने मला" एवढं म्हणाले आणि पुढे काही आलंच नाही. सगळ्यांना वाटलं रडू आलं. रडू नव्हतं आलं. पुढचं वाक्य मी मनात जुळवत होते आणि ते त्या हॉलमध्ये म्हणण्यासारखं नव्हतं. "बोल की पियू, बोलायला तिकीट लावावं लागत नाही," असं तू मला लहानपणापासून म्हणत आलीस. जन्मभर पोस्टाच्या काउंटरवर बसलेल्या बाईचा विनोद. म्हणून आता कागदावर बोलते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण तू अर्ध्यात विचारलं असतंस, "हे कुणाच्या आत्याबद्दल आहे?"

तू निवृत्त झालीस तीच टाळेबंदीत. निरोप समारंभ व्हिडिओ कॉलवर झाला, सगळ्यांनी आपापल्या घरून टाळ्या वाजवल्या आणि शाल नंतर कुरिअरने आली. ती शाल खांद्यावर घेऊन तू आमच्याकडे वर आलीस. "पोस्टातल्या बाईला शाल कुरिअरने पाठवतात. बघून ठेव, म्हणजे सरकार कसं चालतं ते कळेल." त्यानंतर काही आठवड्यांनी जेवताना तू सहज सांगितलंस की एका हॉस्पिटलात नव्या लशीच्या चाचणीसाठी माणसं हवी आहेत आणि तू नाव दिलं आहेस.

पप्पांनी घास खाली ठेवला. "ताई, तू काय उंदीर आहेस का?"

"उंदरांची पाळी झाली. आता माणसांची आहे."

"आपल्या लोकांवर जन्मभर प्रयोग झाले. आणि तू आपण होऊन चाललीस?"

"ते न विचारता झाले, सुधीर. मला विचारतायत. विचारल्यावर हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. एवढ्यासाठीच तर सगळं केलं ना आपल्या माणसांनी?"

पप्पांनी खाली ठेवलेला घास पुन्हा उचलला. आमच्या घरात तू बोललीस की पुढचा घास घ्यायचा असतो.

हॉस्पिटलमध्ये तुला मीच स्कूटरवरून घेऊन गेले. तिथल्या तरुण डॉक्टरणीने समजावून सांगितलं, की काही जणांना लस मिळेल आणि काही जणांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते घेणाऱ्याला कळणार नाही आणि टोचणाऱ्यालाही नाही. तुला ते पहिल्या फटक्यात समजलं होतं. तरी माझ्याकडे वळून म्हणालीस, "पियू, मला नीट समजावून सांग बरं." मला बोलतं करण्याची तुझी जुनी खोड. मी मराठी शब्द शोधत अडखळत सांगत राहिले आणि तू शेवटी म्हणालीस, "म्हणजे पाकिटात काय आहे ते पोस्टमनलाही माहीत नाही. असंच ना?" डॉक्टरीण हसली. पुढे ती सगळ्यांना हेच उदाहरण द्यायला लागली म्हणे.

म्हणजे ते पाणी असू शकतं हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू ते लपवलंही नाहीस. आपल्या बिल्डिंगीच्या पार्किंगमध्ये लांब लांब खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांना तू तोंडाने सांगितलं होतंस, "अहो, पाणीसुद्धा असेल." लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली, नाहीतर तुझा विनय वाटला. सांगितलेल्या गोष्टीतला अर्धा भाग लोक किती सहज सोडून देतात, हे मी तिथेच एका कोपऱ्यात बसून बघितलं. आणि दुसऱ्याच दिवशी तुझा दंड दुखला, अंग कणकणलं, तापमापीवर थोडा ताप दिसला. मग तूही तो अर्धा भाग सोडून दिलास. "पाण्याने ताप येतो का?" तू मला विचारलंस. मला वाटलं, खरंच, कसा येईल?

पुढचे काही महिने तू आमच्या बिल्डिंगीचं प्रदर्शन झालीस. कुणी तू लिफ्टमध्ये असलीस तर जिन्याने जायचं. कुणीतरी शिऱ्याचा डबा दारात ठेवून बेल वाजवून पळून गेलं, तो डबा कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. साळवे काका तुला बघून कडक सलाम ठोकायचे. आणि समोरच्या बिल्डिंगीतल्या लता काकू, ओव्हाळांच्या, रोज सकाळी गॅलरीतून तुझी तपासणी करायच्या.

"ताई, आज कसं आहे?"

"अजून आहे."

"ताप?"

"नाही."

"तोंडाला चव?"

"काल तू दिलेल्या आमटीला नव्हती. पण त्यात लशीचा दोष नाही."

काकू खळखळून हसायच्या. पण हसून झाल्यावरही तुझ्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या, बाजारात फळ दाबून बघतात तशा. त्यांच्या घरात ओव्हाळ काकांना साखरेचा आजार होता. तू त्यांच्यासाठी शेजारीण नव्हतीस फक्त, तू त्यांचं उत्तर होतीस.

मग लस सगळ्या वयस्कर लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचं पुणं मला नीट आठवतं. नारायण पेठेतली तुझी जुनी सहकारी फोन करून विचारायची, "रजनी, तुझी तिकडे ओळख आहे ना, आमचा नंबर लवकर लागेल का?" आणि आपल्या विश्रांतवाडीत दवाखान्यासमोरचा मांडव रिकामा. नर्स बायका मोबाईल बघत बसलेल्या. एकाच शहरात एका टोकाला लस मिळत नाही म्हणून भांडणं आणि दुसऱ्या टोकाला लोक नर्स दिसली की घराला कुलूप लावून गावाला जायचे. लस याच शहरात बनत होती, त्यामुळे तर संशय जास्त. "दोन वर्षांत माणूस खलास." "पोरं होत नाहीत." "आपल्याकडे आधी का देतायत, ते बघा ना." या शेवटच्या वाक्याला मला कधी हसता आलं नाही. ज्यांना जन्मभर सगळं शेवटी मिळालं, त्यांना काही पहिल्यांदा मिळालं तर ते दचकणारच.

ओव्हाळ काका कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "रजनीताई, आमच्याकडे नवीन मशीन आलं की पहिल्या दिवशी हात घालायचा नाही. दुसऱ्याचा राहतोय का बघायचं."

"मग बघा ना," तू म्हणालीस. साडीचा पदर सावरून तू दंड पुढे केलास. "घातलाय की मी. हाय का नाही जागेवर?" मुद्दाम त्यांच्या गावच्या बोलीत.

ते हसले आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात गेले. आमच्या भागातले ते पहिलेच. त्यांच्या मागोमाग साळवे काका, मग बाकीचे. तू पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसायचीस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचीस, "माझ्याकडे बघा." मी तुला एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

चाचणीवाल्यांचा फोन आला तेव्हा तू मेथी निवडत होतीस. तुमच्या वयाच्या लोकांना आता लस खुली झाली आहे, त्यामुळे तुम्हाला काय मिळालं होतं ते आम्ही सांगू शकतो, असं ते म्हणाले. तू "बरं, बरं, आभारी आहे" म्हणून फोन ठेवलास आणि दोन काड्या मेथीच्या निवडल्यास.

"पाणी होतं, पियू."

"मग तो ताप?"

"माझा मीच आणला असेल." तू हसलीस. खूप हसलीस, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मेथी तशीच टाकून उठलीस. "लोकांना काय दाखवत होते मी इतके दिवस?"

मी तुला समजावलं. मला जे येतं ते मी केलं. म्हटलं, हजारो लोकांना खरी लस मिळाली आहे, ते ठीक आहेत, सगळं तपासलेलं आहे, तुझ्या एकटीच्या दंडात काय होतं याने लशीत काही फरक पडत नाही. आजही मला ते बरोबर वाटतं. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

"आकडे बघून गेला असता ओव्हाळ, तर मला काही वाटलं नसतं," तू म्हणालीस. "तो माझा हात बघून गेला."

रविवारी विहारातल्या वंदनेनंतर सगळ्यांसमोर सांगायचं, असं तू ठरवलंस. शनिवारी ओव्हाळ काकांना ताप आला.

पुढचं कशाला लिहू. तो काळ सगळ्यांनी पाहिला आहे. बेड मिळेना, मिळाला तेव्हा उशीर झाला होता. काकूंनी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुणीतरी धरलेल्या मोबाईलवर. डॉक्टर म्हणाले, त्यांना करोनाच झाला होता, कदाचित लस घ्यायला गेले तेव्हाही अंगात असेल. आणि एका डोसाने लगेच संरक्षण मिळत नाही, त्याला दिवस लागतात. हे सगळं खरं होतं. पण काकूंपर्यंत काय पोचलं, तर लस घेतली आणि माणूस गेला.

त्यांचं घर बंद होतं, कुणाला आत जाता येत नव्हतं, कुणाला बाहेर येता येत नव्हतं. त्या गॅलरीत आल्या आणि तिथून ओरडल्या, "ताई, तुम्हाला काही झालं नाही. मग यांनाच का?"

दोन्ही बिल्डिंगींच्या खिडक्या उघड्या होत्या. तू कठड्याला धरून उभी होतीस. मग तू आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलंस.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, आत्या, जे अजून संपलेलं नाही.

मी म्हणत होते, काकूंना सांग. तू म्हणालीस, "माती झालेल्या घरी खरं घेऊन जायचं नसतं, आधी भाकरी घेऊन जायची असते." आणि तू नेलीस. रोज सकाळ-संध्याकाळ डबा नेऊन त्यांच्या दारात ठेवलास आणि शिऱ्याचा डबा ठेवणाऱ्यासारखी पळून न येता, दार उघडेपर्यंत जिन्यावर थांबलीस. काही दिवसांनी मी पुन्हा विचारलं. "अजून नाही." वर्ष झालं, त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, मी विचारलं. "आता आनंदात कशाला?" एकदा मी चिडून म्हटलं, "मग कधी? दुःखात नाही, आनंदात नाही." तू म्हणालीस, "पियू, मी तिला सांगितलं की पाणी होतं, तर तिला काय ऐकू येईल? यांना खरी दिली आणि हिला पाणी. त्यापेक्षा मी तिला नशीबवान वाटलेली बरी."

ते चूक होतं का, मला अजून कळत नाही. पण त्याची किंमत मी बघत होते. दर रविवारी पंचशील तू म्हणायचीस आणि सगळे तुझ्या मागून म्हणायचे. विहार पुन्हा उघडल्यावर तू ते काम दुसऱ्या कुणाला दिलंस, घसा बसतो म्हणून. घसा कधीच बसला नव्हता. मी तुझ्या शेजारी उभी असायचे. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की तुझे ओठ हलायचे थांबायचे आणि पाचव्याला पुन्हा सुरू व्हायचे. तुझ्यासारख्या बाईला एवढी शिक्षा पुरेशी होती. बाकी कुणाला ते दिसलं नाही, कारण बाकीचे डोळे मिटून म्हणतात.

आता तू गेलीस. हृदयविकाराने गेलीस. तुझं ब्लडप्रेशर आणि तू टाळलेल्या गोळ्या, डॉक्टरांनी हे पप्पांना स्पष्ट सांगितलं. पण डॉक्टर एका खोलीत बोलतात आणि लोक सगळ्या जिन्यावर.

कार्यक्रमाला आणलेलं मोठं पातेलं परत द्यायला मी काकूंकडे गेले. त्यांची नात आता रांगते, भिंतीला धरून उभी राहायला बघते. सून स्नेहल आत ओट्यापाशी होती. काकूंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "मी स्नेहलला सांगून टाकलंय, आता हिला कसलीच सुई नाही. गोवराची राहिली आहे, ती राहू दे. ताई पण त्यानंच गेल्या. आमच्या यांच्यासारख्याच. जरा उशिरा, एवढंच."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्याच घरावर का?" त्या म्हणाल्या. "ताईंचा राग यायचा गं. डबा घेऊन यायच्या तरी यायचा. आता नाही येत."

त्यांच्या आवाजात सुटका होती, आत्या. तुझ्या मरणाने त्यांना कुठेतरी बरं वाटलं होतं आणि त्या वाईट नाहीत. पोर माझ्या पायाला धरून उभी राहिली, माझा गुडघा चाटला आणि धपकन खाली बसली.

घरी येऊन मी दोन दिवस पप्पांशीसुद्धा बोलले नाही. सांगावं तर काकूंना मिळालेलं हे एवढंसं समाधान मी काढून घेणार. न सांगावं तर ही पोर गोवराच्या लशीवाचून राहणार आणि तेही तुझ्या नावावर. तू असतीस तर भाकरी घेऊन गेली असतीस. पण त्या पोरीला भाकरीचा काय उपयोग? तिला अजून दातही नीट आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. दारातच म्हटलं, "काकू, आत्याला पहिल्यांदा दिलं ते मिठाचं पाणी होतं."

मी वाक्यं पाठ करून गेले होते, पण तेवढं एकच बाहेर आलं. मग प्रश्नांना उत्तरं देत देत सगळं सांगितलं. चाचणी कशी असते, फोन कधी आला, शनिवारचा ताप, राहून गेलेला रविवार. काकू खाली बसल्या होत्या, भिंतीला टेकून. मधे एकदा त्यांनी पोरीच्या हातातला चमचा काढून घेतला आणि परत दिला.

"म्हणजे त्या खोटं बोलल्या माझ्याशी."

"तेव्हा तिला माहीत नव्हतं, काकू."

"तेव्हाचं नाही म्हणत मी. नंतर? एवढी वर्षं माझ्या घरात बसून चहा प्यायल्या. मी त्यांच्यापुढे रडले. त्यांना एकदाही वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"वाटून काय उपयोग? वाटण्याने माझं काय झालं?" त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "यांना म्हटली, माझा हात बघा. काय बघितलं मग यांनी?"

तुझी बाजू मांडायची म्हणून गेले नव्हते आणि तुझ्या बाजूने बोलण्यासारखं त्या क्षणी काही नव्हतंही. मला वाटलं आता उठून जावं. तेवढ्यात स्नेहल ओट्यापासून बाहेर आली. तिने पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "मग आत्यांनी खरी लस घेतलीच नाही का कधी?"

"घेतली."

"केव्हा?"

ते मला सांगायचं नव्हतं, कारण तूच म्हणाली होतीस कुणाला सांगू नकोस. पण विचारलं आणि मी सांगितलं. ओव्हाळ काका गेले, त्याच आठवड्यात. ज्यांना पाणी मिळालं होतं त्यांना खरी लस घ्यायला बोलावत होते. तू सकाळी वर आलीस आणि म्हणालीस, "स्कूटर काढ." रस्त्यावर अँब्युलन्सशिवाय काही नव्हतं. माझ्या मागे बसून तू माझा खांदा इतका घट्ट धरला होतास की वळ उठले. पहिल्या वेळी तू तिथे विनोद करत होतीस. या वेळी नर्सने बाही वर करायला सांगितली तर तुला ते ऐकूच गेलं नाही, मलाच ती वर करावी लागली. मी म्हटलं, नको घेऊ आत्ता, आठवड्याने येऊ. तू म्हणालीस, "ओव्हाळ माझ्या शब्दावर गेला. मी मागे थांबले तर त्या शब्दाला काय अर्थ?" आणि डोळे मिटलेस. त्या दिवशी तुला बघायला कुणी आलं नव्हतं. टाळ्या नव्हत्या, सलाम नव्हता, शिराही नव्हता.

काकू बराच वेळ पोरीचं झबलं सारखं करत बसल्या.

"घाबरल्या होत्या?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"आणि एकट्याच गेल्या? तुझ्यासारख्या लहान पोरीला घेऊन?" त्यांनी झबलं सोडलं. "मला सांगायचं ना. मी शिव्या घातल्या असत्या, पण गेले असते सोबत."

मग त्या म्हणाल्या, "जा तू आता." मी आले.

इथे हे संपावं असं मला वाटत होतं, पण तसं झालं नाही. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्या जिन्यांवरून खाली उतरली आणि उतरता उतरता बदलली. आधी, रजनीताईंना पाणी दिलं होतं. मग, आपल्या भागात सगळ्यांनाच पाणी दिलं. साळवे काका मला पार्किंगमध्ये गाठून विचारत होते, "मग माझ्यात काय गेलंय? लस का पाणी?" मी म्हटलं, "लस, काका." "नक्की?" "नक्की." "मग मला काही झालं नाही ते कसं?" आत्या, या प्रश्नाला तुझ्याकडे काहीतरी खास पुणेरी उत्तर असतं. माझ्याकडे नव्हतं. मी तेच तेच सांगत राहिले, एकेकाला, हळू आवाजात. आयुष्यात एवढ्या माणसांशी बोलले नव्हते. काही जण ऐकतात. काही जण अर्धं ऐकतात आणि तो अर्धा भाग घेऊन पुढे जातात. पप्पा म्हणतात, तुला काय गरज होती. चपलांपाशीच्या त्या दोघी आता म्हणतात, रजनीताईंनी आपल्याला फसवलं. तुझं नाव मी राखलं की घालवलं, मला सांगता येत नाही. रोज वेगळं वाटतं.

काल सकाळी बेल वाजली. दारात स्नेहल, कडेवर पोर. "दवाखान्यात निघालो होतो," ती म्हणाली. "येतेस का?" तिच्या मागे जिन्यात दोन पायऱ्या खाली काकू उभ्या होत्या, हातात पिशवी, तोंड दुसरीकडे.

"मी नुसती सोबत आहे," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. "माझं काही म्हणणं नाही."

मांडव वगैरे काही नव्हता, नेहमीचा दवाखाना, नेहमीची रांग. काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पोरीला सुई टोचली तेव्हा ती आधी आश्चर्याने बघत राहिली आणि मग जोरात रडली. काकूंनी तिला स्नेहलच्या हातून ओढूनच घेतलं आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागल्या. मी जवळ गेले. म्हटलं, "काकू, हिला ताप येईल कदाचित. अंगावर थोडं उठेलही. घाबरू नका."

त्या थांबल्या. कितीतरी दिवसांनी त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं.

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "पण पुढं जे काय होईल ते मला सांगायचं. चांगलं असू दे, वाईट असू दे. मला जपायला जायचं नाही कुणी."

मी हो म्हटलं, आत्या. तुला न विचारता म्हटलं.